चौथ्या मजल्यावरचा बटाटा

चावीवाले एका पायात चप्पल घालून घरी आले तेव्हा त्यांची बायको आधी हसली.

"दुसरी कुठे विसरलात?"

चावीवाल्यांनी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी होता. दुकानापासून घरापर्यंतचा रस्ता, मग चार जिने, आणि चप्पल कधी सुटली याचा त्या पायाला पत्ताच नव्हता. बायको शोधायला खाली गेली. चप्पल दुसऱ्या जिन्यावर पडली होती. ती घेऊन वर आली तेव्हा मात्र बायको हसत नव्हती.

"तुम्हाला कळलं कसं नाही?"

"कळलं असतं तर उचलली नसती का?"

असं उत्तर द्यायला चावीवाल्यांना विचार करावा लागत नसे. शब्दात पकडणं आणि शब्दातून सुटणं या दोन्ही कला त्यांना उपजतच होत्या, आणि धंद्याने त्यांना धार आली होती. एका कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली त्यांची जागा होती. माणूस उभा राहिला तर डोकं आपटेल एवढीच. त्यामुळे चावीवाल्यांनी उभा जन्म बसून काढला होता. समोर एक फळकूट, त्यावर कानशी, पकडी, तारांचे तुकडे आणि खिळ्याला टांगलेले कोऱ्या चाव्यांचे झुबके. चाव्या काय, कुणीही करतो. चावीवाल्यांचं नाव होतं ते किल्ली हरवलेलं कुलूप उघडण्यासाठी. दोन तारा आत घालायच्या, डोळे मिटायचे, आणि आतल्या एकेका खुंटीला बोटांनी हळूच विचारत जायचं. कुठली अडते, कुठली सैल आहे, कुठली नुसतंच सोंग करते. भोवती पाचपंचवीस माणसं जमली की ते मुद्दाम थोडा वेळ लावत. भाव खायची संधी त्यांनी कधी सोडली नाही.

"कुलूप तोडतो तो लोहार," ते म्हणत, "उघडतो तो मी."

तर अशा माणसाला बायकोने डॉक्टरकडे नेलं. तिने नेलं म्हणून ते गेले, नाहीतर चावीवाल्यांना डॉक्टर म्हणजे लोकांच्या कुलपात विनाकारण तार घालणारा माणूस वाटे. डॉक्टर तरुण होते, घाईत होते. त्यांनी चावीवाल्यांना झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाले, "तळपायाला टाचणी टोचतो. कळली की सांगा."

चावीवाले वाट बघत राहिले. शेवटी कंटाळून म्हणाले, "टोचा की."

"टोचून झालं," डॉक्टर म्हणाले.

रक्त तपासलं, तर साखर अशी वाढलेली की डॉक्टरांनी दोनदा आकडा वाचला. "आज पाय आहेत," ते म्हणाले, "दुर्लक्ष केलंत तर उद्या हात. गोळ्या वेळेवर घ्या. रोज चाला. गोड तर बंदच. आणि ते जमिनीखालचं, बटाटे-बिटाटे, जरा बेताने."

चावीवाल्यांच्या कानात फक्त 'हात' हा शब्द राहिला. बायकोच्या कानात राहिले बटाटे-बिटाटे.

त्याला कारण होतं. चावीवाल्यांचा बटाट्यावर जीव होता. उकडलेला, भाजलेला, तळलेला, परवाचा, कालचा, कसलाही. थंडीत तर ते उकडलेला गरम बटाटा खिशात घालून दुकानात जात, त्यावर बोटं शेकत आणि बोटं गरम झाली की बटाटा खात. "हत्यार आणि न्याहारी एकाच खिशात," असं त्यांचं म्हणणं. बायको तयार कपड्यांच्या कारखान्याचं काज-बटणाचं काम घरी बसून करायची. शर्टांच्या ढिगाआडून तिचा एक डोळा कायम स्वयंपाकघरातल्या टोपलीवर असे, तरी संध्याकाळपर्यंत टोपलीतले बटाटे कमी झालेले असत.

घरी येताना वाटेतच तिने विचार सुरू केला. बटाटे म्हणजे बटाटे, हे समजलं. पण बिटाटे म्हणजे काय? डॉक्टर एवढा शिकलेला माणूस, तो उगाच कशाला बोलेल? 'जमिनीखालचं' असंही तो म्हणाला होता. तेव्हा बिटाटे म्हणजे जमिनीखालचं उरलेलं सगळं, असा तिने निकाल लावला. रताळी, गाजर, बीट, मुळा, सुरण, कांदा, लसूण, आलं, सगळं बिटाट्यांत गेलं. 'बेताने' या शब्दाचं मात्र तिने काहीच केलं नाही. नवऱ्याचा बेत तिला चांगला माहीत होता.

आता हे पाळायला लावायचं कसं? टोपली कपाटात ठेवून कुलूप लावावं, तर चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. बायकोने चावीवाल्यांना उघडता येणार नाही असं एकच कुलूप काढलं.

"माझ्या गळ्याची शपथ घ्या," ती म्हणाली, "जमिनीखाली वाढलेलं काही खाणार नाही म्हणून."

चावीवाले देवाधर्माच्या फारशा भानगडीत पडत नसत, पण शपथेला फार भीत. शपथ मोडली तर जिच्या गळ्याची घेतली ती मरते, हे त्यांनी लहानपणी ऐकलं होतं आणि मोठेपणी खोडून काढायचं राहून गेलं होतं. बायकोचा गळा धोक्यात घालण्याची त्यांची तयारी नव्हती. तो गळा त्यांना हवा होता, आवाजासकट.

"घेतली," ते म्हणाले.

आणि पाळलीही. ही गोष्ट त्यांच्या बाजूने मान्य करायलाच हवी. शेजारच्या भट्टीवर बटाटे तळत असताना ते तोंड फिरवून बसत. पण साखर बंद कर हा होता सल्ला. सल्ल्याला कुणाचा गळा नव्हता. घरी बायको बिनसाखरेचा चहा द्यायची, तो ते काढा प्यायल्यासारखा पीत आणि दुकानाशेजारच्या टपरीवर जाऊन तीन चमचे साखरेचा मागवत. आधी मन थोडं खायचं. म्हणून त्यांनी विचार केला, साखर होते उसापासून, आणि ऊस वाढतो कुठे? वर. चांगला दोन पुरुष उंच. शपथेच्या हिशेबात ऊस म्हणजे अगदी सज्जन पीक. तीच गत द्राक्षांची, तीच केळ्यांची, तीच बिस्किटांची, कारण गहू तरी कुठे जमिनीखाली लागतो? बटाट्याचं दुःख हलकं करायला ते दिवसभर जमिनीच्या वरचं काही ना काही खात राहिले.

तरी बटाटा तो बटाटा. दुःख काही हलकं होईना. मग चावीवाल्यांनी शपथेकडेही कुलपासारखंच पाहायला सुरुवात केली. आत कुठेतरी एखादी सैल खुंटी असणारच. त्यांनी वकील गाठायचं ठरवलं.

वकील म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या बाई. शाळेत वनस्पती शिकवून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहत. जन्मभर त्यांनी मुलांना झाडाचे भाग शिकवले, पण वर्गाबाहेर आपणहून विचारायला एकही कधी आला नव्हता. चावीवाले दारात उभे राहून म्हणाले, "बाई, जरा झाडांबद्दल विचारायचं होतं," तेव्हा बाईंनी आधी त्यांना बसवलं, मग पंखा लावला आणि मग चष्मा पुसला.

"गाजर काय असतं, बाई?"

"मूळ. सोटमूळ. झाडानं त्यात स्वतःची शिदोरी भरून ठेवलेली असते."

"म्हणजे ते गेलं. कोबी?"

"पानं. एकमेकांना धरून बसलेली."

"आणि फ्लॉवर?"

"फूल. म्हणजे कळ्या, न उमललेल्या. मटार म्हणजे बिया. वांगं, टोमॅटो, भोपळा ही फळं, आपण त्यांना भाज्या म्हणतो एवढंच."

हे सगळं वरचं होतं, त्यामुळे चावीवाल्यांना त्यात गोडी नव्हती. त्यांनी आवाज खाली आणला. "आणि बटाटा?"

"खोड."

चावीवाले खुर्चीत पुढे सरकले. "खोड म्हणजे वरचं ना?"

"खोड कुठेही असू शकतं. बटाट्याला डोळे असतात ना? तिथून कोंब फुटतात. मुळाला असे डोळे नसतात. म्हणून बटाटा हे खोड."

"मुळाला डोळे नसतात," चावीवाल्यांनी मनाशी घोकलं, आणि तडक वर जाऊन बायकोला सांगितलं की बटाटा खोड आहे, बाईंनी स्वतः सांगितलंय.

"आहेच," बायको सुईत दोरा ओवत म्हणाली. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही."

"ती खोड नव्हे. हे खोड. झाडाचं."

"कुठे वाढतं ते?"

"जमिनीखाली," चावीवाले म्हणाले.

"मग झालं तर."

पुढचे काही दिवस चावीवाले रोज संध्याकाळी बाईंकडे जाऊ लागले. बाईंना वाटलं, एका माणसाला या वयात ज्ञानाची तहान लागली. त्या रोज तयारी करून बसत. कांदा म्हणजे पानांचे जाड झालेले बुडखे आणि तो अर्धा मातीच्या वर असतो, हे कळल्यावर चावीवाल्यांनी घरी एक कांदा आडवा कापून फक्त वरचा अर्धा खाल्ला. बायकोने खालचा अर्धा त्यांच्यासमोर ठेवून विचारलं, "हा कुणी खायचा?" भुईमुगाची गोष्ट ऐकून तर ते हळवेच झाले. फूल वर लागतं, पण शेंग धरायची वेळ आली की त्याचा देठ खाली वळतो, वाढत वाढत मातीत शिरतो आणि शेंग तिथे लागते. "चांगलं वर होतं की," चावीवाले म्हणाले, "कुणी सांगितलं होतं?"

"बटाटे वर नाही का लागायचे?" त्यांनी एकदा विचारलं. "वेलाला, लटकते?"

"द्राक्षांसारखे?" बाई हसल्या. "नाही हो. बटाट्याला अंधार लागतो. उजेड लागला तर तो हिरवा पडतो, आणि हिरवा बटाटा बाधतो, खायचा नाही. पण जमीनच हवी असं काही नाही. माती हवी. माझ्या गॅलरीत मी एकदा गोणीत लावले होते."

चावीवाले पुन्हा खुर्चीत पुढे सरकले.

"गॅलरीत," ते म्हणाले.

"गॅलरीत."

"आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो."

"मग ऊन चांगलं येत असेल," बाई म्हणाल्या.

चावीवाल्यांना कुठल्याही कुलपाने इतकं सुख दिलं नव्हतं. शपथ होती जमिनीखालची. चौथ्या मजल्यावर वाढलेला बटाटा जमिनीखाली कसा? तो तर जमिनीपासून उसापेक्षाही उंच. शपथ जमिनीची होती, मातीची नव्हती. बायकोच्या गळ्याला नखसुद्धा न लागता बटाटा पोटात जाणार होता. बाईंनी घरातले दोन कोंब आलेले बटाटे दिले आणि प्रत्येक तुकड्याला निदान एक डोळा राहील असे कापून कसे लावायचे ते दाखवलं. चावीवाल्यांनी खोल गोणी आणली, माती वाहून आणली, आणि बायकोने विचारलं तेव्हा सांगितलं, "फुलझाड लावतोय."

हे खोटं नव्हतं. बटाट्याला फुलं येतात, हे त्यांनी आधी बाईंकडून विचारून घेतलं होतं.

पण बायकोच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची त्यांनी तयारी केली नव्हती. ती हातातला शर्ट खाली ठेवून गॅलरीत आली. "माझ्यासाठी?" तिने विचारलं. चावीवाले "हं" म्हणाले. तेवढा एक हुंकार मात्र निव्वळ खोटा होता आणि तो त्यांना टोचत राहिला.

कोंब वर आले. चावीवाले दुकानात जायच्या आधी आणि आल्याबरोबर गोणीपाशी बसत. 'पी हळद नि हो गोरी' हा त्यांचा स्वभाव, पण झाड काही ऐकत नव्हतं. पानं आधी उजेडात अन्न तयार करतात, त्यातून स्वतः वाढतात, आणि उरतं ते खाली साठवायला पाठवतात, असं बाई सांगत. जसजशी झाडं उंच होत तसतशी चावीवाले त्यांच्या बुडाशी माती चढवत.

"फुलझाडाला कुणी गळ्यापर्यंत गाडतं का?" बायको म्हणाली.

"बाईंनी सांगितलंय." गळ्याचा उल्लेख त्यांना आवडला नाही.

आणि खरंच फुलं आली. पांढरी, मध्ये पिवळा ठिपका. बायकोने त्यातली दोन पेल्यात पाणी घालून जेवणाच्या टेबलावर ठेवली. "लग्नानंतर पहिल्यांदाच काहीतरी लावलंत माझ्यासाठी," ती म्हणाली. चावीवाल्यांना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. लाज वाटली, अगदी खरीखुरी. पण बटाटे तर आता खाली धरले होते, तेव्हा लाज धरून उपयोग नव्हता.

दुसरीकडे दुकानात एक गोष्ट घडत होती, जी ते कुणालाच सांगत नव्हते. उजव्या हाताच्या बोटांची टोकं जड वाटू लागली होती. कातडीवर कुणीतरी पातळ कागद चिकटवल्यासारखी. तार आत घातली की खुंट्या पूर्वीसारख्या बोलेनात. एका माणसाची पेटी उघडायला इतका वेळ लागला की जमलेली माणसं कंटाळून निघून गेली. चावीवाले म्हणाले, कुलूप गंजलंय. दुसऱ्याला म्हणाले, हे कुलूपच बनावट. तिसऱ्याला तर तोडून टाका म्हणाले, आणि तो गेल्यावर बराच वेळ हात मांडीखाली घालून बसून राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यांनी मूठ झाकून ठेवली. सवयीने एक कप चहा मागवला, तीन चमचे साखरेचा.

झाडं पिवळी पडली, माना टाकू लागली. बाई म्हणाल्या, "आता काढा. पण खुरपं लावू नका, बटाटे कापले जातात. हातानंच चाचपून काढा." चावीवाले हसले. चाचपायचं त्यांना कोण शिकवणार होतं?

बायको शर्टांचा गठ्ठा घेऊन कारखान्यात गेली तशी त्यांनी गोणी पुढे ओढली. वरची सुकलेली झाडं बाजूला केली, कोपरापर्यंत हात आत घातला आणि नेहमीसारखे डोळे मिटले. हाताला एक गोळा लागला. काढला. ढेकूळ. पुन्हा हात घातला, पुन्हा ढेकूळ. मग एक खडा, मग नुसतीच माती. गोणीच्या चारी बाजू, तळ, मध्य, त्यांनी काही सोडलं नाही. ढेकळं परातीत जमत गेली. बटाटा एकही नाही. फुलांनीच सगळं खाल्लं, चावीवाल्यांनी ठरवलं. फुलं बायकोला मिळाली आणि बटाटे कुणालाच नाहीत, म्हणजे न्यायच झाला. ते भिंतीला टेकून बसले.

बायको लवकर परतली. गॅलरीत मातीने माखलेला नवरा आणि मोडलेली झाडं बघून ती दारातच थांबली.

"माझं फुलझाड का उपटलंत?"

खोटं बोलायचंही त्राण चावीवाल्यांत उरलं नव्हतं. "बटाटे होते ते," ते म्हणाले. "म्हणजे असायला हवे होते. एकही नाही धरला."

मग बाकीचंही सगळं बाहेर पडलं. चौथा मजला, जमीन आणि माती यांतला फरक, सगळं. सांगताना त्यांना स्वतःलाच ते पूर्वीइतकं हुशारीचं वाटेना. बायको कमरेवर हात ठेवून ऐकत होती. आधी तिच्या कपाळाची शीर फुगली. पण 'उसापेक्षा उंच' इथवर गोष्ट आली तेव्हा तिला हसू आवरेना. ती खाली बसली आणि तोंडाला पदर लावून हसत राहिली.

"सरका तिकडे," शेवटी ती म्हणाली. "बघू तरी काय ते."

तिने हात आत घातला आणि बटाटा बाहेर काढला.

चावीवाल्यांनी बटाट्याकडे पाहिलं. तिने पुन्हा हात घातला. दुसरा. मग एकदम दोन, लहान. "हे काय, इथेच तर आहेत की," ती हसत म्हणाली, "वरच. तुम्ही शोधलंत तरी कुठे?"

"तिथेच," चावीवाले म्हणाले.

ती आणखी एक काढत होती. तिचा हात थांबला. तिने परातीतल्या ढेकळांकडे पाहिलं, मग मांडीवरच्या बटाट्यांकडे. दोन्ही साधारण एकाच आकाराचे होते. हसू तिच्या तोंडावरून कधी गेलं ते तिलाही कळलं नाही. तिने त्यांचा उजवा हात ओढून घेतला, पदराने माती पुसली आणि एकेका बोटाच्या टोकाला नख रुतवलं.

"कळतंय?"

"थोडं."

"आणि हे?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"कधीपासून?" तिने विचारलं. "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आणखी काहीतरी बंद केलं असतंस." ते नेहमीच्या सवयीने बोलून गेले, पण आवाज नेहमीचा नव्हता. मग ते म्हणाले, "मला भीती वाटते गं. हे हात गेले तर मी काय करू? मला दुसरं काही येत नाही."

लग्न झाल्यापासून चावीवाल्यांनी 'मला येत नाही' हे वाक्य उच्चारलं नव्हतं. बायकोने त्यांचा हात सोडला नाही. शिव्याही दिल्या नाहीत, आणि त्यामुळे चावीवाले आणखीच घाबरले.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि कपाळाला हात लावला. साखर खाली यायची सोडून वर गेली होती. "खाता काय तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"जमिनीखालचं काहीही नाही," बायको ठणकावून म्हणाली. "मुळ्याचा तुकडासुद्धा नाही. बटाटे बंद, बिटाटे बंद."

"बिटाटे?"

"तुम्हीच म्हणालात. बटाटे-बिटाटे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, ती बोलायची पद्धत झाली. चहा-बिहा म्हणतो तसं. आणि मी बेताने म्हणालो होतो. एखादा उकडलेला बटाटा जेवणात चालतो. गाजर-मुळ्याचं तर मी नावही घेतलं नव्हतं." मग ते चावीवाल्यांकडे वळले. "जमिनीखालचं नाही. मग वरचं काय खाता?"

चावीवाल्यांनी सांगितलं. टपरीवरचा चहा, द्राक्षं, केळी, बिस्किटं. प्रत्येक पदार्थाबरोबर तो किती उंचावर वाढतो तेही सांगितलं. उसापाशी आल्यावर त्यांचा आवाज खाली गेला, कारण बायको वळून त्यांच्याकडे बघत होती.

"झाड स्वतःसाठी साखर साठवतं," डॉक्टर म्हणाले. "कुणी मुळात, कुणी खोडात, कुणी फळात, कुणी दाण्यात. तुमच्या रक्ताला ती कुठून आली याच्याशी कर्तव्य नाही. तुम्ही खालचं एक कोठार राखलंत आणि वरची सगळी उघडी ठेवलीत." मग ते म्हणाले, "बोटांचं मी वचन देत नाही. आतापासून सांभाळलंत तर आहे तेवढं टिकेल. गेलेलं थोडंफार परत येईलही, हळूहळू. न सांभाळलंत तर तेही जाईल."

घरी आल्यावर बायकोने गोणीतला एक बटाटा उकडला, सोलला, मध्ये कापला आणि अर्धा त्यांच्या ताटात ठेवला.

"शपथ?" चावीवाल्यांनी विचारलं.

"सुटली," ती म्हणाली. "आता नवी घ्या. टपरीची."

त्यांनी घेतली. अर्धा बटाटा त्यांनी इतका सावकाश खाल्ला की तो गार झाला. चव तशी बेताचीच होती.

दुसऱ्या दिवसापासून बायको काज-बटणाची पिशवी घेऊन दुकानात येऊन बसू लागली. पहारा करायला येते, असं आजूबाजूचे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पण शर्ट हातावेगळे झाले की चावीवाले एखादं जुनं कुलूप तिच्या मांडीवर ठेवत. मग दोघांचं भांडण सुरू होई. तुला घाई आहे. तुम्हाला सांगता येत नाही. तार दाबू नकोस, ती काय सुई आहे? दाबत नाहीये मी, तुम्हाला काय दिसतंय? चावीवाल्यांना दिसत काहीच नव्हतं, आणि कळतही नव्हतं, तेव्हा ओरडण्यावाचून उपाय नव्हता. ते बेंबीच्या देठापासून ओरडत. कुलपं उघडत नव्हती.

एका संध्याकाळी दोघं घरी येत होती, तर दुसऱ्या मजल्यावर बाई स्वतःच्याच दाराबाहेर उभ्या. वाऱ्याने दार लागलं होतं, चावी आत, आणि गॅसवर दूध. फटीतून करपल्याचा वास यायला लागला होता. "चावीवाले, देवासारखे भेटलात," बाई म्हणाल्या आणि जिन्याच्या खिडकीपाशी जाऊन आपल्या स्वयंपाकघरातून धूर येतोय का ते वाकून बघू लागल्या.

चावीवाल्यांनी पिशवीतून तारा काढल्या, गुडघे टेकले, डोळे मिटले. पहिली खुंटी लागली असं वाटलं. ती नव्हती. पुन्हा घातली. तार बोटांतून सुटून फरशीवर पडली, आणि पडल्याचा आवाज आला तेव्हाच त्यांना कळलं. वास वाढत होता. त्यांनी तार उचलली, थोडा वेळ हातात धरली आणि बायकोच्या हातात दिली.

ती त्यांच्या जागी बसली. चावीवाले ओरडले नाहीत. तिच्या कानाशी वाकून हळू बोलत राहिले. डोळे मीट. दाबू नकोस. एक खुंटी बाकीच्यांपेक्षा जरा अडेल.

"अडतेय," ती म्हणाली.

"तिलाच उचल. हलकेच. काजातून बटण काढतेस तशी."

आत काहीतरी बसल्याचा बारीक आवाज झाला आणि दार उघडलं. बायकोने धावत आत जाऊन गॅस बंद केला. बाई खिडकीपासून परत आल्या तेव्हा दारात चावीवाले एकटेच उभे होते, त्यांच्या पायांशी तारा पडल्या होत्या.

"तुमच्या हातांना तोड नाही हो, चावीवाले," बाई म्हणाल्या.

गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. जन्मभर त्यांनी असलं एकही वाक्य वाया जाऊ दिलं नव्हतं.

"माझ्या नाही, बाई," ते म्हणाले. "माझ्या बोटांना आता कळत नाही. हिनं उघडलं."